चौकोनावर गोल बसतो कसा?

मुलांनो, मुंबई-गोवा रस्त्यानं तुम्ही कधी कोकणात गेला असाल, तर आमचं वडखळ तुम्ही नक्की ऐकलं असेल. पेण मागं टाकलं की थोड्याच वेळात हा नाका येतो. इथं रस्त्याला फाटा फुटतो. एक रस्ता अलिबागकडे जातो, दुसरा थेट गोव्याकडे. आजूबाजूला खाडी, मिठागरं आणि उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला टांगलेल्या पांढऱ्या कांद्यांच्या माळा. वडखळचा माणूस लहानपणापासून एकच गोष्ट पाहत मोठा होतो. जगभरच्या गाड्या येतात, घटकाभर थांबतात आणि पुढं निघून जातात!

माझं घर वडखळला आणि माझी ताई पेणला. पेण म्हणजे गणपतीचं गाव. ताईच्या घरीही गणपतीचा कारखाना आहे. मे महिन्यात तिथं कुणाला मान वर करायलाही फुरसत नसते. मग माझी भाची आणि भाचा 'मामाच्या गावाला' म्हणून माझ्याकडे येतात. भाची सातवीत, भाचा पाचवीत. भाचीचा हात चांगला आहे. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करायला तिला अजून देत नाहीत, पण सोंडेवरची नक्षी ती सफाईनं काढते. भाच्याचं मात्र सगळं लक्ष त्याच्या नव्या कंपासपेटीत. त्यातलं कर्कटक तो खिशात घालूनच हिंडतो!

तर मागच्या एका मे महिन्यात मी दोघांना म्हटलं, "चला, दाभोळला जाऊन येऊ. तिथली जुनी मशीद बघायची आहे मला."

भाचीनं लगेच विचारलं, "मामा, मशिदीत मूर्ती असते का?"

"नसते."

"चित्रं?"

"माणसांची, प्राण्यांची चित्रं नसतात."

"मग बघायचं काय? आणि सजवतात तरी कशानं?"

मूर्तिकाराच्या मुलीचा प्रश्न होता तो. मला चटकन उत्तर देता येईना. म्हटलं, "तेच बघायला जाऊ."

सकाळी नाक्यावर दापोलीची एस.टी. पकडली. नागोठणं, कोलाड, माणगाव करत गाडी महाडला आली. इथून रायगड जवळ. दोघंही शाळेच्या सहलीबरोबर रायगडावर जाऊन आलेली, त्यामुळं होळीचा माळ, टकमक टोक अशी यादी सुरू झाली. पुढं पोलादपूर. इथून एक रस्ता प्रतापगडाकडे चढतो. भाचा म्हणाला, "अफजलखान! १० नोव्हेंबर १६५९!" ही तारीख कुणाला पाठ नसते? मी म्हटलं, "हे १६५९ साल लक्षात ठेव. दाभोळला गेल्यावर ते पुन्हा भेटणार आहे."

कशेडीला आता बोगदा झाला आहे. तो ओलांडून गाडी खेडला आणि तिथून दापोलीला पोचली. रात्री माझ्या एका मित्राकडे मुक्काम केला. दापोलीहून दाभोळ तीसेक किलोमीटर. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघालो. वळणांवरून उतरत गाडी खाली आली आणि एकदम वाशिष्ठीची खाडी समोर! केवढी रुंद! पलीकडं धोपाव्याचा किनारा. माणसं, मोटारसायकली, मोटारगाड्या पोटात घेऊन फेरीबोट सावकाश पलीकडं चालली होती. मुलं तर बोटीकडंच पळत सुटली असती. मी म्हटलं, "थांबा, बोट संध्याकाळी. आधी मशीद."

पण मशिदीत शिरण्याआधी या बंदराविषयी थोडं सांगायलाच हवं. कारण बंदर नसतं, तर ही मशीदही नसती.

आज दाभोळ हे माडांच्या सावलीतलं शांत गाव आहे. पण पाचशे-सहाशे वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर गजबज असायची. बहामनी सुलतानांचं हे मोठं बंदर. अरबस्तानातून, इराणकडून इथं घोडे उतरायचे आणि घाट चढून देशावर जायचे. कापड आणि मसाल्याचे पदार्थ जहाजांत भरून बाहेर जायचे. अफनासी निकितीन नावाचा एक रशियन व्यापारी १४६९ च्या सुमारास आपल्याकडे आला. तो उतरला कुठं, माहीत आहे? आमच्या शेजारच्या चौलला! अलिबाग तालुक्यात रेवदंड्याला त्याचं स्मारकही आहे. हा निकितीन दख्खनमध्ये दोन-तीन वर्षं हिंडला आणि परत जायला जहाजात बसला तो दाभोळहून. म्हणजे त्या काळी चौल आणि दाभोळ ही जणू आपल्या घराची दोन दारं होती.

श्रीमंत बंदरावर सगळ्यांचाच डोळा. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांच्या आरमारानं दाभोळ लुटलं आणि जाळलं. तरी बंदर पुन्हा उभं राहिलं. बहामनी राज्य फुटल्यावर दाभोळ विजापूरच्या आदिलशहांकडे गेलं. हजला जाणारे यात्रेकरू इथून जहाजात बसायचे आणि समुद्र ओलांडून मक्केकडे जायचे.

आता मशिदीकडे चला.

माडांच्या झावळ्यांतून आधी दिसला तो घुमट. मग चार कोपऱ्यांवरचे चार मिनार. उंच जोत्यावर उभी असलेली दगडी इमारत, वर जायला पायऱ्या, समोर कमानी. पावसानं आणि काळानं दगड काळवंडलेला. तरी पाहताक्षणी वाटतं, हे काम साध्यासुध्या हातांचं नव्हे.

या मशिदीला नावं तरी किती! कुणी शाही मशीद म्हणतं, कुणी माँसाहेबांची मशीद, तर कुणी चक्क अंडा मशीद. भाचीनं घुमटाकडे बघून नाव का पडलं असेल याचा अंदाज लगेच बांधून टाकला, "अंडं उभं करून ठेवलंय ना, म्हणून!"

नमाजाची वेळ नव्हती. आवारात पांढऱ्या दाढीचे एक आजोबा झाडलोट करत होते. आम्ही चपला बाहेर काढल्या, सलाम केला आणि आत यायची परवानगी मागितली.

"कुठून आलात?" आजोबांनी विचारलं.

"वडखळहून."

"वडखळ!" आजोबा हसले. "मुंबईला नोकरीला होतो ना, तेव्हा आमची एस.टी. तिथंच थांबायची. वडखळचा वडा आणि चहा! या, या. आधी हात-पाय धुऊन घ्या. पोरांनो, पाणी सांडू नका."

नमाजाआधी हात, तोंड, पाय धुतात, त्याला 'वुजू' म्हणतात. त्यासाठी मशिदीच्या आवारात पाण्याची सोय असतेच. आपण देवळात जाण्याआधी पाय धुतो ना, तसंच.

मग आजोबांनी पायरीवर बसून आम्हांला या मशिदीची गोष्ट सांगितली. पिढ्यान् पिढ्या सांगत आलेली गोष्ट आहे ती. विजापूरची एक राजकन्या होती, आयेशाबिबी. तिला मक्केला जायचं होतं. लवाजमा घेऊन, बरोबर वीस हजार घोडेस्वार घेऊन ती दाभोळला आली. पण समुद्रात चाच्यांचं भय फार. जहाज सोडणं धोक्याचं होतं. दिवसांमागून दिवस गेले. यात्रेसाठी आणलेली संपत्ती तशीच पडून. मग जाणत्या मौलवींनी सल्ला दिला, की यात्रा होत नसेल तर हे धन एखाद्या पुण्याच्या कामाला लावा. राजकन्येनं मशीद बांधायचं ठरवलं. कामील खान नावाच्या वास्तुकारानं काम हाती घेतलं. चार वर्षं काम चाललं, पंधरा लाख रुपये लागले आणि मशीद पुरी झाली. ते साल होतं १६५९!

"अफजलखानाचंच साल!" भाचा ओरडला.

होय, तेच. विचार करा, एकीकडं विजापूरचा सरदार सैन्य घेऊन प्रतापगडाकडे निघालेला आणि त्याच विजापूरच्या राजकन्येचे पाथरवट इथं शांतपणे छिन्नी-हातोडा चालवत असलेले. इतिहासाच्या पुस्तकात लढायांच्या तारखा असतात, पण त्याच तारखांना कुठंतरी कुणी तरी भिंतही बांधत असतं. पुढं थोड्याच काळात दाभोळ शिवाजी महाराजांच्या ताब्यात आलं. राज्य बदललं, मशीद राहिली.

"आणि या घुमटावर," आजोबा वर बोट दाखवत म्हणाले, "सोन्याचा मुलामा होता म्हणतात. वरची चंद्रकोर तर शुद्ध सोन्याची."

दोन्ही पोरांच्या माना एकदम वर! पण घुमट तर काळाच.

"कुठं गेलं सोनं?" भाच्यानं विचारलं.

"गेलं," आजोबा म्हणाले. "सोनं जातंच रे. जे नेता येत नाही, ते बघा."

जे नेता येत नाही, ते बघा! मला वाटतं, जुनी इमारत कशी बघावी, याचा धडाच आजोबांनी एका वाक्यात दिला. मग आम्ही खरोखर बघायला सुरुवात केली.

मशीद सुमारे ६३ फूट लांब आणि ५४ फूट रुंद आहे. म्हणजे व्हॉलीबॉलची दोन मैदानं शेजारी शेजारी ठेवली, तर साधारण होईल तेवढी. उंची ७५ फुटांच्या आसपास, सात मजली इमारतीएवढी. दक्षिण कोकणात अशा थाटाची दुसरी जुनी मशीद नाही. आत शिरलं की मे महिन्याचं ऊन एकदम बाहेर राहतं. जाड दगडी भिंती, थंडगार सावली. कुजबुजलं तरी आवाज घुमतो.

मशीद कुठलीही असो, काही गोष्टी ठरलेल्या असतात. नमाज पढताना तोंड मक्केकडे करायचं असतं. मक्का आपल्या पश्चिमेला. म्हणून आपल्याकडच्या मशिदींची मुख्य भिंत पश्चिमेची. त्या भिंतीत एक कमानदार कोनाडा असतो, त्याला 'मेहराब' म्हणतात. देवळात गाभारा असतो, त्यात मूर्ती असते. मेहराबमध्ये मात्र काहीच नसतं. तो कोनाडा फक्त दिशा दाखवतो. शेजारी दोन-तीन पायऱ्यांचं उंच आसन, ते 'मिंबर'. शुक्रवारच्या नमाजाला त्यावरून इमाम चार शब्द सांगतात.

"पण मामा, माझा प्रश्न?" भाची विसरली नव्हती. "मूर्ती नाही, चित्र नाही. मग सजवायचं कशानं?"

आता उत्तर समोरच होतं. म्हटलं, "तूच मोज."

पहिली गोष्ट, आकार. चौकोन, अष्टकोन, वर्तुळ, चांदणी. जी भूमिती शाळेत आपल्याला रडवते, तीच इथं दगडात बसून हसते! दुसरी गोष्ट, वेल आणि फूल. विजापूरच्या आदिलशाही इमारतींत तर घुमट कमळाच्या पाकळ्यांतून उमलल्यासारखा दिसतो. घुमटाच्या मुळाशी चौफेर दगडी पाकळ्या असतात. कमळ म्हणजे आपल्याच मातीतलं फूल. ते देवळात आहे, बुद्धाच्या लेण्यात आहे आणि मशिदीतही आहे. कारण पाथरवटाचा हात तोच! तिसरी गोष्ट, अक्षर. अरबी-फारसी अक्षरं अशी वळणदार काढतात, की वाचता आली नाहीत तरी बघत राहावं. विजापूरच्या जामा मशिदीतली मेहराब तर १६३६ साली सोनेरी रंगानं आणि अक्षरांनी अशी नटवली आहे, की डोळे दिपतात. आणि चौथी गोष्ट?

"ऊन आणि सावली!" भाचीच म्हणाली. ती कमानीत उभी होती. तिच्या पायाशी कमानीच्या आकाराचं ऊन पडलं होतं आणि कमानीच्या पोटात गडद सावली. "आम्ही डोळ्यांच्या पापणीखाली काळी रेघ देतो ना, मूर्ती जिवंत दिसायला. तसंच इथं सावलीनं केलंय. रंग न वापरता!"

मी गप्पच झालो. पुस्तकांतून मी जे वाचलं होतं, ते पोरीनं कारखान्यात शिकलेल्या गोष्टीनं एका दमात सांगितलं.

इतक्यात माझं लक्ष भाच्याकडे गेलं. तो एका खांबाशी उभा होता आणि खिशातलं कर्कटक त्याच्या हातात होतं. टोक दगडाकडे!

मी ओरडणार होतो. पण ओरडायला तोंड कुठं होतं मला? मुलांनो, आज कबूल करतो. मी सहावीत असताना एका किल्ल्यावर, चुन्याच्या गुळगुळीत भिंतीवर खिळ्यानं माझं नाव कोरलं होतं. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. बऱ्याच वर्षांनी पुन्हा गेलो, तेव्हा त्या भिंतीवर शेकडो नावं होती आणि चुना ढलप्या-ढलप्यांनी निघाला होता. पाणी मुरून मुरून भिंत फुगली होती. माझं नाव मी शोधलं. सापडलं. आणि मान खाली घालून परत आलो.

माझ्याआधी आजोबा त्याच्याजवळ पोचले. रागावले नाहीत. म्हणाले, "नाव लिहायचंय? सांग बघू, ज्यानं हा दगड घडवला, त्याचं नाव काय?"

भाचा गोंधळला. "कामील खान?"

"तो देखरेख करणारा. मी या दगडाचं विचारतो. याच्यावर छिन्नी कुणी चालवली?"

"...माहीत नाही."

"मलाही नाही. एवढं मोठं काम करून त्यानं इथं नाव लिहिलं नाही. आणि तू रे काय केलंस इथं?"

भाच्याचे कान लाल झाले. कर्कटक मुठीत लपलं. पण आजोबांनी त्याची मूठ उघडली, कर्कटक हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाले, "चांगलं हत्यार आहे. याच हत्यारानं मशीद बांधतात. वर बघ. ती भिंत चौकोनी आणि घुमट गोल. चौकोनावर गोल बसतो कसा? शोधून काढ. मग म्हणू तुला शहाणा."

तुम्हीही करून पाहा. मिठाईचा एक चौकोनी खोका घ्या, वरचं झाकण काढा. त्यावर खोक्याच्या रुंदीएवढ्याच तोंडाचा वाडगा उपडा ठेवा. काय होतं? चार बाजूंच्या मध्यावर वाडगा टेकतो, पण चारही कोपरे उघडे राहतात! कोपऱ्यांत वाडग्याच्या खाली आधारच नाही. खरा घुमट तर हजारो मण दगड-चुन्याचा. तो नुसत्या चार जागी टेकून कसा राहील?

जगभरच्या कारागिरांना या कोड्यानं छळलं आहे. इस्तंबूलला हाया सोफिया नावाची भव्य इमारत आहे, मूळचं चर्च. इ. स. ५३७ मध्ये ती पुरी झाली. तिथल्या कारागिरांनी चारही कोपऱ्यांत गोलाच्या तुकड्यासारखे वळणदार त्रिकोण भरून वर घुमट बसवला. विजापूरच्या कारागिरांनी मात्र याच कोड्याचं एक फार देखणं उत्तर काढलं.

भाचा पायरीवर वही घेऊन बसला. मी फक्त सुरुवात करून दिली. आधी वर्तुळ काढ. त्याच्या परिघावर सारख्या अंतरावर चार खुणा कर. त्या जोडल्या की झाला चौकोन. आता प्रत्येक दोन खुणांच्या बरोब्बर मध्ये आणखी एकेक खूण. या नव्या चार खुणा जोड. दुसरा चौकोन, पहिल्यावर तिरका ठेवल्यासारखा. काय दिसलं?

"आठ टोकांची चांदणी!"

"आणि चांदणीच्या पोटात?"

त्यानं बोट फिरवलं. "एक, दोन, तीन... आठ बाजू. अष्टकोन! मामा, हा तर जवळजवळ गोलच आहे!"

बस्स! हेच ते उत्तर. चार बाजूंचा चौकोन एकदम गोल होत नाही. तो आधी आठ बाजूंचा होतो, मग सोळा बाजूंचा, मग गोल. विजापूरचे कारागीर वहीतल्या या रेघांच्या जागी कमानी घालायचे. आठ कमानी एकमेकींना छेदत वर जायच्या आणि मधे चांदणीसारखी जागा सोडायच्या. त्या जागेवर घुमटाचं कडं बसायचं. विजापूरच्या गोल घुमटात हे सगळ्यांत भव्य रूपात बघायला मिळतं. महंमद आदिलशहाची ही कबर १६५६ साली पुरी झाली, म्हणजे दाभोळच्या मशिदीच्या सालाआधी फक्त तीन वर्षं. त्या घुमटाचा आतला व्यास ३८ मीटर! आणि मधे एकही खांब नाही.

आणखी एक गंमत आहे. घुमट नुसता खाली दाबत नाही, तो बाहेरही ढकलतो. खोटं वाटतं? तुम्ही आणि तुमचा मित्र समोरासमोर उभे राहा. तळहाताला तळहात लावा आणि एकमेकांवर रेला. झाली कमान! आता पाय हळूहळू मागं न्या. काय होतं? पाय बाहेर घसरू लागतात. कुणी मागून टाचेला पाय लावला, की घसरणं थांबतं. इमारतीत हे काम जाड भिंती आणि भक्कम कोपरे करतात. गोल घुमटात तर एकमेकींना छेदणाऱ्या त्या कमानींचं ओझं आतल्या बाजूला झुकलेलं असतं. घुमट बाहेर ढकलतो, ओझं आत ओढतं. दोघांची रस्सीखेच बरोबरीत सुटते आणि घुमट साडेतीनशेहून जास्त वर्षं उभा राहतो!

ही आठ टोकांची चांदणी फक्त विजापूरची नाही बरं का. स्पेनमध्ये ग्रनादाला अल् हंब्रा नावाचा राजवाडा आहे, त्याच्या भिंतींवर ती आहे. आणि दिवाळीत तुमच्या अंगणात आई किंवा बाबा अष्टदल रांगोळी काढतात ना? आठ ठिपके, आठ पाकळ्या. तीही हिचीच बहीण.

आजोबांनी वही हातात घेऊन चित्र निरखून पाहिलं. "आता लिही नाव," ते म्हणाले, "याच्याखाली लिही. हे तू केलंस."

भाच्यानं अगदी बारीक अक्षरांत नाव लिहिलं.

संध्याकाळी कबूल केल्याप्रमाणं फेरीबोटीतून धोपाव्याला जाऊन आलो. बोट खाडीच्या मध्यावर आली, तेव्हा मागं वळून पाहिलं. माडांच्या रांगेवर उन्हाची शेवटची तिरीप पडली होती. ज्या राजकन्येला समुद्रावर जाता आलं नाही, तिची मशीद आज समुद्रावरून येणाऱ्याला वाट दाखवत उभी आहे, असं मनात आलं. भाची म्हणाली, "मामा, उन्हात सगळंच सोन्याचं दिसतंय."

परतताना महाडला गाडी थांबली. भाचा बराच वेळ गप्प होता. एकदम म्हणाला, "मामा, रायगडावर एका पायरीवर नाव आहे. सरांनी दाखवलं होतं. हिरोजी इंदुलकरांचं. मग त्यांनी का लिहिलं?"

प्रश्न बिनतोड होता! रायगडाच्या बांधकामाचं मोठं काम हिरोजी इंदुलकरांनी केलं. गडावर जगदीश्वराचं मंदिर आहे, त्यावरही घुमटच आहे, आठवतं? त्या मंदिराच्या एका पायरीवर हिरोजींचं नाव कोरलेलं आहे. मी म्हटलं, "त्यांनी कुठं लिहिलं बघ. भिंतीवर नाही, कळसाखाली नाही. पायरीवर. येणाऱ्या-जाणाऱ्याची पायधूळ लागेल अशा जागी. आणि केव्हा लिहिलं? गड बांधून झाल्यावर."

त्यावर त्यानं काहीच म्हटलं नाही. खिशातलं कर्कटक काढून कंपासपेटीत ठेवलं, एवढं मात्र मी पाहिलं.

गणपतीत मी पेणला ताईकडे गेलो. दरवर्षी मखर विकत आणतात. या वर्षी पोरांनी पुठ्ठ्याचं घरीच केलं होतं. खाली चौकोनी, वर गोल घुमट. घुमटाच्या मुळाशी भाचीनं कापलेल्या कमळाच्या पाकळ्या. मी वाकून आत पाहिलं. कोपऱ्यांत कागदी कमानी एकमेकींना छेदत वर गेल्या होत्या आणि मधोमध आठ टोकांची चांदणी! घुमट जरासा डावीकडे कलला होता, पण बसला होता.

"नाव कुठं लिहिलंय रे?" मी हळूच विचारलं.

भाच्यानं मखराच्या पाटाखाली बोट दाखवलं. पाट उचलल्याशिवाय दिसणारच नाही अशा जागी, पेन्सिलीनं, दोन नावं होती.

तर दोस्तांनो, या सुट्टीत तुमच्या गावाजवळची एखादी जुनी मशीद, देऊळ, चर्च किंवा वाडा बघायला जा. आई-बाबांना बरोबर न्या. चपला बाहेर काढा, तिथल्या माणसांची परवानगी घ्या, पूजेची किंवा नमाजाची वेळ असेल तर थांबा. मग वर बघा. चौकोनावर गोल कसा बसवलाय, ते शोधा. आणि कंपासपेटी न्यायला विसरू नका. पण टोक फक्त वहीवरच टेकवायचं, बरं का!